त्याला इंग्रजी येतं

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं असेल तर आधी इंग्रजांच्या घरी जन्म घ्यावा लागतो, हे मला एकतीस जाहिराती वाचल्यावर कळलं. तोवर एम.ए. इंग्लिश, बी.एड. आणि सवलतीत मिळालेलं एकशेवीस तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट असं सगळं करून झालं होतं. जन्म तेवढा बल्लारपूरला झाला होता, आणि त्यात आता दुरुस्ती होण्यासारखी नव्हती.

बत्तिसावी जाहिरात व्हिएतनामची होती. हनोईपासून दोन तासांवरच्या एका गावात लहान मुलांचं इंग्रजी सेंटर. मातृभाषा कोणतीही चालेल, पदवी हवी, ऑनलाइन डेमो क्लास घ्यावा लागेल. आणि अगदी शेवटी एक ओळ: शिक्षिकेला तीन ते सहा वर्षांचं मूल असेल तर ते सोबत आणता येईल, आमच्या बालवाडीत त्याला फी नाही.

ती ओळ मी अश्विनला तीनदा वाचून दाखवली. अश्विन माझा नवरा. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर तो जिप्सी चालवतो, आणि गेटपासून जवळच आमची वस्ती आहे.

"मंग जा नं," तो म्हणाला.

"चिमीला घेऊन जाता येतं, असं लिहिलंय."

"तीनदा ऐकलं मी."

चिमी आमची मुलगी, चार वर्षांची. तिच्या पायात मी घुंगरांचे पैंजण घातले आहेत. वस्तीतल्या बायकांना ते हौसेचे वाटतात. ते हौसेचे नाहीत. मला ती दिसत नसली तरी ऐकू यावी, म्हणून आहेत. आमच्याकडे संध्याकाळी पाचनंतर मुलं अंगणात नसतात, आणि सकाळी मोहाची फुलं वेचायला जाताना बाया एकमेकींना सारख्या हाका मारत जातात. हे सगळ्यांनाच माहीत असतं. मी फक्त ते पैंजणांपर्यंत नेलं. व्हिएतनामात मोटारसायकली फार, असं वाचल्यावर मी त्यांचीही भीती घेऊन ठेवली. भीतीच्या बाबतीत मी भेदभाव करत नाही.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि एप्रिल संपला की तासही संपतात. पुढच्या जूनला बोलावतील किंवा नाही बोलावणार. म्हणून मी स्कूटी विकली. प्रवासाचं बजेट म्हणजे ती विकलेली स्कूटी. त्यात जायचं तिकीट बसत होतं, यायचं बसत नव्हतं. बल्लारशाहून नागपूर, नागपूरहून हावडा, तिथून सगळ्यात स्वस्त विमान आणि सात किलोची पिशवी. रेल्वेत चिमी फुकट होती. विमानवाल्यांना ती पूर्ण माणूस वाटत होती.

माझ्या सासूबाईंना, मीराबाईंना, हे सांगितलं तेव्हा त्या अंगणात मोह वाळत घालत होत्या. मी त्यांना आई म्हणते.

"जायचं त जा," आई म्हणाल्या. "शिकली हायेस. पण पोट्टी माह्यापाशी राह्यन."

"तिला घेऊनच जाणार, आई. म्हणून तर ही जागा शोधली."

"तिथी कोण हाये तिचं? इथी कोणालेही इचार, ही कोणाच्या घरची पोट्टी हाये, तो सांगते. तिथले लोक कसे असतेत, कोणाले मालूम?"

"चांगले असतील."

"असतीन." त्यांनी मोहावरून हात फिरवला. "पाहून त नाई आली तू."

मी पाहून आले नव्हते. माझं मात्र ठरलं होतं: चिमीशिवाय जायचं नाही. आणि चिमीला घेणारं सेंटर बत्तीस जाहिरातींत एकच होतं. म्हणजे जाणं, न जाणं, आणि चिमीचं काय, सगळं त्या एका डेमोवर आलं होतं. डेमो रविवारी होता. आपल्या दुपारच्या बारा वाजता.

डेमोचा फॉर्म सेंटरने पाठवला. त्यात दहा रकाने होते. शिक्षिका हसते का, फळा दिसतो का, असे. सातवा रकाना असा: नवा शब्द मुलांनी स्वतःहून किमान दोनदा उच्चारला का? त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की सातव्या रकान्यात शून्य असेल तर बाकीचे रकाने पाहिले जाणार नाहीत.

नवा शब्द कोणता, ते मी ठरवायचं होतं, आणि शिकायला मुलंही मीच जमवायची होती. मी 'टायगर' ठरवला.

ह्यात थोडी लबाडी होती, ती कबूल करते. आमच्या वस्तीतली मुलं 'आई'नंतर 'टायगर' शिकतात. रस्त्यावरून जिप्सी निघाल्या की कडेला उभी राहून ओरडतात, "टायगर! टायगर!" मग एखादा पर्यटक बिस्किटाचा पुडा देतो. चिमीसुद्धा ओरडते आणि घेते. ज्या शब्दावर पोरांचा नाश्ता चालतो, तो शब्द डेमोत पडेल कसा? मंगळवारी मी लेसन प्लॅन पाठवून दिला. पाठवलेला प्लॅन बदलता येत नाही, असं त्यांचं लगेच उत्तर आलं. मी म्हटलं, बदलायचाय कोणाला?

गुरुवारी पहाटे वस्तीतल्या पत्रूभाऊंची कालवड गेली.

नाल्यापलीकडे, मोहाच्या झाडांखाली, आमच्या अंगणापासून चारशे वीस पावलांवर. पावलं मी आधीच मोजून ठेवलेली होती. पत्रूभाऊ दिवसभर दारात बसून होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "येऊन गेला पाव्हणा." बस, एवढंच.

आमच्या वस्तीत असं काही झालं की त्याचं नाव घेत नाहीत. तो 'जनावर' होतो, 'पाव्हणा' होतो, नाहीतर नुसताच 'तो'. वस्तीच्या कडेला शेंदूर लावलेला दगड आहे, ते त्याचं ठाणं. तिथे ठाण्याचे पुजारी सुकलूभाऊ नारळ फोडतात, मग नाव मोकळं होतं. तोवर नाव घेणं म्हणजे हाक मारणं, आणि हाक मारली की तो येतो. मी हे लिहिताना वाघ म्हणते आहे, कारण नारळ फुटला आहे.

पण त्या आठवड्यात फुटला नव्हता. सुकलूभाऊ पुतण्याच्या लग्नाला जिवतीला गेले होते, आणि सोमवारशिवाय परत येणार नव्हते.

"दुसऱ्या कोणी फोडला तर?" मी आईंना विचारलं.

"फोड नं. नारळ काय, कोणीई फोडते. त्यानं मानला पाह्यजे."

"पण आई, आपण बौद्ध. घरात तथागत, बाबासाहेब. आपण कशाला हे पाळायचं?"

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की एम.ए.चा एक पेपर माझा राहूनच गेला असावा.

"मी पूजा करून राह्यली का त्याची? नारळ वाहून राह्यली का? मी फक्त त्याले हाक नाई मारत. धम्मात कुठी लिवलं हाये, जनावराले हाका मारा म्हणून?"

सगळेच पाळत होते. पंचनाम्याला आलेला वनरक्षक गडचिरोलीकडचा होता. त्याने कागदावर 'वन्यप्राणी' लिहिलं, आणि पत्रूभाऊंना वाचून दाखवताना तेवढा शब्द गाळला. अश्विन तीन दिवस पर्यटकांना 'बिग कॅट' म्हणत होता. नाशिकच्या एका कुटुंबाला वाटलं की हा आपल्याला बिबट्यावर भागवतो आहे. त्यांनी गेटवर तक्रार केली.

हे सगळं मी बघत होते. बघणं हे माझं मुख्य काम आहे. तरीसुद्धा मला वाटलं, बंदी मराठी शब्दाला आहे, गोंडीला असेल. इंग्रजीला कशी असेल? त्या शब्दाचं इथल्या दगडाशी काय नातं? आईंना एकदा विचारायला हवं होतं. पण इंग्रजीच्या बाबतीत आईंना काय विचारायचं, असं मला वाटलं आणि मी विचारलं नाही.

रविवारी डेमोसाठी नीलाबाईंच्या होमस्टेची जेवणाची खोली मिळाली, कारण तिथे वायफाय होतं. नीलाबाईंची अट एकच होती, की होमस्टेची पाटी फळ्याच्या वर दिसली पाहिजे. व्हिएतनामचे लोक काही राहायला येणार नाहीत, असं मी म्हटलं.

"काऊन नाई येणार?" नीलाबाई म्हणाल्या. "त्याहीच्या इकडं जंगल हाये का एवढं?"

पाटी राहिली. खाली फोन नंबरही राहिला.

आठ मुलं आली. मिथुन नऊ वर्षांचा आणि सगळ्यांचा वकील. करिश्मा आठ वर्षांची, वेणीला नवी रिबीन लावून. बाकी सहा जण त्या दोघांकडे बघून वागणारे. चिमीला आईंबरोबर मागे स्वयंपाकघरात बसवलं होतं. अश्विन सकाळची सफारी करून आला होता. फोन धरायचं काम त्याच्याकडे होतं, कारण खड्ड्यातून गाडी नेतानाही त्याचा हात हलत नाही.

बरोबर बारा वाजता पडद्यावर सेंटरच्या मिस ल्येन आल्या. पन्नाशीच्या, चष्मा, केस घट्ट बांधलेले, पुढ्यात फॉर्म. "सुरू करा," म्हणाल्या. इंग्रजी त्यांचं अगदी नेमकं होतं, एक शब्द जास्त नाही.

सुरुवात चांगली झाली. मी हसले. तो पहिला रकाना होता. गायीचं चित्र दाखवलं, मुलं एका सुरात म्हणाली, "काऊ!" माकडाचं दाखवलं, "मंकी!" एकाने माकडाची नक्कल केली, मिस ल्येन यांनी काहीतरी लिहिलं. मग मी तिसरं चित्र उलटं करून हातात घेतलं, मुलांची उत्सुकता वाढवली (रकाना पाच), आणि झटकन फिरवलं.

"अँड व्हॉट इज धिस?"

कोणी काही बोललं नाही.

वरच्या पंख्याचा आवाज होता, तेवढाच. मिथुन छताकडे बघू लागला. करिश्मा बुटाची लेस बांधायला वाकली. तिच्या पायात चप्पल होती.

"व्हॉट इज धिस, चिल्ड्रन?" मी आणखी हसले.

काही नाही.

अभिनयाने अर्थ पोचवा, असं त्या एकशेवीस तासांत शिकवलं होतं. म्हणून मी हाताचे पंजे केले आणि गुरगुरले. पुढच्या रांगेतली दोन मुलं उठून मागच्या रांगेत गेली.

"मॅडम," मिथुन हळूच म्हणाला, "सोमवारी म्हणतो नं. उद्याच हाये सोमवार."

"मिथुन, हा इंग्रजी शब्द आहे." मी हसू तसंच ठेवून मराठीत कुजबुजले. "इंग्रजीत चालतं."

"कसं चालते मॅडम? त्याले इंग्रजीच त येते."

"कोणाला?"

"त्याले. मराठीत त्याले कोण हाक मारते? इथी त कोणीच नाव नाई घेत. टूरिस्ट लोक रोज सकाळ-दुपार त्याच्या तोंडापुढं इंग्रजीतच बोंबलून राह्यले. मराठी त्याले समजन, नाई समजन. इंग्रजी पक्की समजते."

करिश्माने लेस सोडून मान हलवली. बाकीच्या सहा जणांनीही हलवली.

मी चित्र आणखी वर धरलं.

"आवाजाचा काही प्रश्न आहे का?" मिस ल्येन यांनी विचारलं.

"नो, नो," फोनमागून अश्विन म्हणाला. "साऊंड गुड."

मिस ल्येन यांनी चष्मा वर केला आणि थेट मुलांना विचारलं, "चित्रात कोण आहे, तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत नाही म्हटलेलं मिथुनला सहन झालं नाही.

"आय नो!" तो उभा राहिला. "ही इज बिग."

"ही ईट पत्रू अंकल काऊ," करिश्मा म्हणाली. "थर्सडे."

"स्मॉल काऊ," मागून कोणीतरी दुरुस्ती केली.

"ही इज देअर." करिश्माने खिडकीकडे बोट केलं. "नॉट फार."

"नो नेम टुडे. से नेम, ही कम. मंडे कोकोनट. मंडे से." मिथुन खाली बसला आणि मला मराठीत म्हणाला, "सांगितलं मॅडम मी त्याहीले बरोबर."

ही मुलं आयुष्यात एका दमात एवढं इंग्रजी कधी बोलली नव्हती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी आनंदाने रडले असते. पण मिस ल्येन यांचं पेन फॉर्मवर थांबलेलं मला दिसत होतं, आणि ते कुठल्या रकान्यावर थांबलंय हेही मला ठाऊक होतं. सेंटरने वेळ दिला होता वीस मिनिटं. सतरा झाली होती.

तेवढ्यात पैंजण वाजले.

चिमी स्वयंपाकघरातून आली होती. तोंडाला मुरमुऱ्यांचा चुरा. ती सरळ माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिने माझ्या हातातलं चित्र पाहिलं. तिचा चेहरा उजळला. तिच्या दृष्टीने ते बिस्किटाचं चित्र होतं.

मला सगळं एकदम कळलं. चिमीला आईंनी तीन दिवस बजावलं होतं, पण चार वर्षांचं पोर बिस्किटापुढे काय लक्षात ठेवणार? मी एकदा विचारलं की ती म्हणेल. आणि ती कधीच एकदा म्हणत नाही, जिप्सीमागे म्हणायची सवय आहे, दोनदाच म्हणते. सातव्या रकान्याला दोनदाच हवं होतं. मुलाचं वय काय असावं, हे फॉर्मवर कुठेही नव्हतं.

अश्विनलाही कळलं. पहिल्यांदाच त्याचा हात हलला. फोन हळूच खाली आला, आणि चिमी बरोबर मधोमध दिसू लागली.

करिश्माने डोळे मिटून घेतले. मिथुन माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात राग नव्हता, मोठ्या माणसाचा असतो तसा नुसता विश्वास होता. त्याने जास्त त्रास झाला.

खिडकीबाहेर ऊन होतं. नाला होता. नाल्यापलीकडे मोहाची झाडं होती. आमच्या अंगणापासून चारशे वीस पावलं. नीलाबाईंच्या खिडकीपासून किती, ते मी मोजलेलं नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं, की तो एक शब्द आहे. दोन सिलॅबल्सचा. ध्वनिशास्त्राच्या पेपरात मला त्र्याहत्तर होते.

"चिमी," मी म्हणाले, "व्हॉट इज धिस?"

चिमीने मोठा श्वास घेतला आणि तोंड उघडलं. "टा..."

आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. अख्खा पंजा. खडूने भरलेला. दुसऱ्या हाताने तिला उचलून खिडकीपासून लांब नेलं आणि पाठ खिडकीकडे करून उभी राहिले. चित्र खाली पडलं होतं. ते करिश्माने उचलून पालथं घातलं.

एम.ए. इंग्लिश, फर्स्ट क्लास.

"बरं केलं मॅडम," मिथुन म्हणाला.

चिमी माझ्या पंजाखाली काहीतरी बोलत होती. बहुतेक बिस्किटाबद्दल असावं. पडद्यावर मिस ल्येन यांनी पेन खाली ठेवलं होतं. आता त्या 'थँक यू' म्हणतील आणि पडदा काळा होईल, असं मला वाटलं. तशा जाहिराती मला पुष्कळ भेटल्या होत्या. त्यात एक अजून.

"ती तुमची मुलगी का?" त्यांनी विचारलं.

"होय."

"तिनं म्हटलं असतं, तर मला रकाना भरावा लागला असता."

"मला माहीत होतं."

मिस ल्येन यांनी चष्मा काढून पुसला, आणि पहिल्यांदा हळू, शब्द शोधत बोलल्या. "माझी आजी डोंगरातल्या गावात राहायची. तीही नाव घेत नसे. ती त्याला म्हणायची, तीस आजोबा."

"तीस?"

"आकडा तीस. का म्हणतात, ते नक्की कोणाला माहीत नाही. कोणी म्हणतं, पूर्वी त्याला मारणाऱ्याला तीस नाणी बक्षीस मिळायची. आणि मारलं म्हणून तीस फटकेही."

मी ते मुलांना मराठीत सांगितलं. मुलांनी विचार केला. नाणी आधी की फटके आधी, असं मिथुनला विचारायचं होतं, पण वीस मिनिटं झाली होती. मिस ल्येन यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, निकाल मेलने कळेल म्हणाल्या, आणि गेल्या. जाता जाता त्यांची नजर वर, नीलाबाईंच्या पाटीवर गेली असं अश्विनचं म्हणणं आहे.

आम्ही घरी निघालो. चिमीला मी कडेवर घेतलं होतं, तिच्या गालावर खडूची चार बोटं होती.

"म्हणू द्यायचं होतं," अश्विन शेवटी म्हणाला.

"तू म्हणायचं होतंस मग."

त्याने घड्याळ पाहिलं. त्यालाही दुपारची सफारी होती.

सोमवारी सुकलूभाऊ जिवतीहून आले. लग्नाचा फेटा तसाच डोक्यावर ठेवून त्यांनी ठाण्यावर नारळ फोडला. सगळ्यांना खोबरं वाटलं, मला दोन तुकडे दिले. डेमोची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यानंतर मी बसथांब्याकडे निघाले, तर आठही मुलं मागे धावत आली. "मॅडम! टायगर! टायगर!" प्रत्येकाने दोनदा म्हटलं. स्वतःहून.

मी त्यांना 'व्हेरी गुड' म्हणाले आणि बसमध्ये चढले. चंद्रपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. जूनमध्ये कॉलेज बोलावेल का, त्याचा विचार करत होते. चिमीची बालवाडी मोहर्लीतच पाहावी, पैंजणांचे घुंगरू थोडे वाढवून घ्यावेत. सहा महिने एकटी जाऊन पैसे पाठवणाऱ्या बायका असतात, मी कित्येकींबद्दल ऐकलं आहे. मला ते जमणार नव्हतं. जमत नाही म्हणून मी कमी शिकलेली ठरते की जास्त भित्री, हे मला ठरवता येत नव्हतं.

बुधवारी मेल आला.

मी तो अंगणात उभी राहून वाचला. त्यात फॉर्म जोडलेला होता. रकाना सात: शून्य. त्याच्यापुढे शेरा: "नवा शब्द कोणीही उच्चारला नाही. कारण योग्य आहे. हा रकाना लागू नाही." रकाना नऊ, मुलं आपणहून बोलली का: दहापैकी दहा. जूनपासून लहान गटाला शिकवायचं. आणि खाली: बालवाडीच्या यादीसाठी मुलीचं पूर्ण नाव कळवा.

मी मेल पुन्हा वाचला. मग आईंकडे गेले. आई ओसरीवर बसल्या होत्या, पुढे सुपात मोह, आणि चिमी त्यांच्या मांडीला टेकून.

"झालं, आई," मी म्हणाले. "घेतलं त्यांनी. चिमीलाही."

आईंचा हात सुपात थांबला. मला वाटलं, आता तेच पुन्हा सुरू होणार: तिथी कोण हाये तिचं. मी उत्तरं तयार ठेवली होती. बालवाडीचे फोटो होते, खोलीचे होते, सेंटरपासून खोली किती पावलं ते विचारणारा मेलही मी लिहून ठेवला होता.

आईंनी विचारलं, "तिथी हाये का तो?"

"कोण?"

त्यांनी नुसतं नाल्याकडे पाहिलं. नारळ फुटला होता, तरी.

"आता नाही म्हणतात. पूर्वी होता, डोंगरात."

"आता नाई?"

"नाही."

"तरी नाव नाई घेत?"

"ती बाई म्हणाली, तिची आजी नाही घ्यायची. तीस आजोबा म्हणायची." आणि मी त्यांना नाण्यांची आणि फटक्यांची गोष्ट सांगितली.

"दोनी बरोबर हाये," आई म्हणाल्या.

त्या बराच वेळ मोह निवडत राहिल्या. पत्रूभाऊ रस्त्यावरून गेले, त्यांनी हात केला, आईंनीही केला. मी उभीच होते. बसावं की उभं राहावं, ते कळत नव्हतं.

"ज्याहीच्या इथी तो नाई, अन् तरी त्याले हाक नाई मारत," आई शेवटी सुपाला म्हणाल्या, "ते लोक समजदार हायेत." मग माझ्याकडे पाहिलं. "ने पोरीले."

मी खाली बसले.

"पण तिले त्याचं तिथलं नाव घेता आलं पाह्यजे," त्या म्हणाल्या. "कधी घ्यायची पाळी आली, त भलतंच नाई निंघालं पाह्यजे तोंडातून. किती येते तुले गं चिमे?"

चिमीला वीसपर्यंत येतात. तिने ते म्हणून दाखवले आणि थांबली.

आई शाळेत गेलेल्या नाहीत. पण दर उन्हाळ्यात त्या तेंदूची पानं मोजतात, एका पुड्यात सत्तर, आणि त्यांचा पुडा कोणी परत केल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांनी सुपातलं मोहाचं एक फूल उचललं आणि चिमीच्या पुढे ठेवलं.

"एकवीस."

"एकवीस," चिमी म्हणाली.

दुसरं ठेवलं. "बावीस." तिसरं ठेवलं. चिमी प्रत्येक फुलाला बोट लावत होती, तिचे पैंजण वाजत होते. पाच वाजायला आले होते, तिला आत घ्यायची वेळ झाली होती, पण मी उठले नाही. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. मग आईंनी शेवटचं फूल उचललं, ठेवलं, आणि स्वतः काही म्हटलं नाही.

"आता तू," त्या चिमीला म्हणाल्या. "पण हळू."